नाक तेच, नजर तीच!

चित्रपटाचा नायक कोण हे पोस्टरवरून कळते, पण चित्रपट मनात घर करतो तो पुष्कळदा खलनायकामुळे. निळू फुले पडद्यावर आले की थिएटरातल्या बायाबापड्या बोटे मोडायच्या. कन्नड पडद्यावर वज्रमुनींनी डोळे वटारले की लहान मुले आईच्या पदराआड जायची. आपल्या सीमाभागातल्या घरांत ही दोन्ही नावे सारखीच ओळखीची. आज ज्या नटाची ओळख करून द्यायची आहे तो याच जातकुळीतला. फक्त तो जन्मला अमेरिकेत, नाव कमावले इटलीत आणि घोडे दौडवले स्पेनमध्ये. त्याचे नाव ली व्हॅन क्लीफ.

नाव चटकन आठवले नाही तरी चेहरा आठवेल. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ सालच्या चित्रपटातला तो काळ्या हॅटवाला. उभा, हाडकुळा चेहरा, गरुडाच्या चोचीसारखे नाक, बारीक मिशी आणि मिटत आलेल्या पापण्यांतून समोरच्याला मोजणारे दोन डोळे. शीर्षकातला 'बॅड' तो हाच. मराठीत आपण अशा डोळ्यांना घारीची नजर म्हणतो. कन्नडमध्ये 'हद्दिन कण्णु' म्हणतात. एकाच पक्ष्याच्या घराण्यातून दोन्ही भाषांनी हा शब्द उचलला याची गंमत मला नेहमी वाटते.

या चेहऱ्याने व्हॅन क्लीफला तेरा वर्षे दुय्यम भूमिकांत अडकवून ठेवले आणि पुढे त्याच चेहऱ्याने त्याला नायक केले. चेहऱ्यात काही बदल झाला नव्हता. बदलला तो त्याच्याकडे पाहणारा माणूस. त्याची ही वाटचाल चित्रपटवेड्यांनीच नव्हे, तर मुलामुलींना 'जरा नीटनेटके दिस, नीट बोल' असे सांगणाऱ्या आपण सगळ्या आईबापांनीही वाचावी अशी आहे.

हिशेबनीस ते बंदूकबाज

व्हॅन क्लीफचा जन्म ९ जानेवारी १९२५ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या सॉमरव्हिल गावी झाला. वडील फार्मासिस्ट, आई पियानो वाजवणारी. आडनाव डच वळणाचे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन नौदलात भरती झाला. 'इन्क्रेडिबल' नावाच्या सुरुंग काढणाऱ्या जहाजावर त्याचे काम सोनारवर होते, म्हणजे कानाला यंत्र लावून पाण्याखालचे आवाज टिपायचे. पुढे पडद्यावर डोळ्यांनी ओळखल्या गेलेल्या या माणसाची पहिली मोठी नोकरी कानांची होती!

युद्ध संपल्यावर तो हिशेबनीस झाला आणि फावल्या वेळात क्लिंटन या छोट्या गावातल्या हौशी नाट्यमंडळात जाऊ लागला. दिवसा ऑफिस आणि रात्री तालीम हा प्रकार आपल्या गावोगावच्या हौशी रंगकर्मींना नवा नाही. तिथून 'मिस्टर रॉबर्ट्स' या गाजलेल्या नाटकाच्या दौऱ्यात त्याला काम मिळाले आणि त्या दौऱ्यातच निर्माता स्टॅन्ली क्रेमरची नजर त्याच्यावर पडली.

क्रेमर तेव्हा 'हाय नून'ची जुळवाजुळव करत होता. १९५२ साली पडद्यावर आलेला, फ्रेड झिनेमनने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट आज वेस्टर्नपटांचा मानदंड समजला जातो. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातले घोडेस्वार, मार्शल आणि दरोडेखोर यांच्या गोष्टी. व्हॅन क्लीफला आधी यात मार्शलच्या तरुण मदतनिसाची, हार्वे पेलची, भरपूर संवाद असलेली भूमिका देऊ केली होती असे सांगतात. अट एकच. नाकावर शस्त्रक्रिया करून ते जरा सरळ करून घ्यायचे. या नवशिक्याने ठाम नकार दिला.

ती भूमिका लॉइड ब्रिजेस या नटाकडे गेली. व्हॅन क्लीफला मिळाला जॅक कोल्बी, नायकाला मारायला आलेल्या चार गुंडांपैकी एक. चित्रपट सुरू होतो तो याच्यावरच. माळावर एकटा बसलेला, सिगारेट ओढत साथीदारांची वाट पाहणारा माणूस. पुढे तो माउथ ऑर्गन वाजवतो, गोळीबार करतो आणि मरतो. संपूर्ण चित्रपटात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही.

रोज मरण्याचा धंदा

नकाराची किंमत त्याला मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या क्षणापासून हॉलीवूडने त्याच्या कपाळावर 'गुंड' असा शिक्का मारला. 'कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शिअल' (१९५२) मध्ये तो दरोडेखोर. 'द बिग कॉम्बो' (१९५५) मध्ये माफियाचा मारेकरी. 'गनफाइट अ‍ॅट द ओ.के. कोरल' (१९५७) मध्ये तर पहिल्या काही मिनिटांतच त्याचा निकाल लागतो. 'द ब्रेव्हाडोस' (१९५८) मध्ये ग्रेगरी पेकच्या तावडीत सापडलेला फरारी. जॉन फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मध्ये खलनायक ली मार्विन आणि व्हॅन क्लीफ त्याच्या दोन चेल्यांपैकी एक, म्हणजे खलनायकाचाही मागे उभा राहणारा!

मला मात्र या छोट्या भूमिका पाहताना वेगळेच जाणवते. हा माणूस कुठेही आळस करत नाही. मागे उभा असला तरी त्याचे लक्ष दृश्यात असते. हात कुठे आहे, खांदा किती वळला आहे, नजर कोणावर आहे, सगळे ठरलेले. 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' (१९५३) या राक्षसी प्राण्याच्या चित्रपटात शेवटी प्राण्यावर नेम धरणारा सैनिक तोच आहे. भूमिका काही मिनिटांची, पण बंदूक खांद्याला लावण्याआधीचा त्याचा थंडपणा लक्षात राहतो.

१९५८ साली मोटार अपघातात त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. पुन्हा घोड्यावर बसता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. वेस्टर्नपटातल्या गुंडाला घोड्यावर बसता आले नाही तर त्याने खावे काय? तो पुन्हा घोड्यावर बसला खरा, पण गुडघा आयुष्यभर दुखत राहिला. १९६२ नंतर चित्रपटांची कामे जवळजवळ थांबली. टीव्ही मालिकांतून किरकोळ कामे मिळत. तो चित्रे काढून विकू लागला. घरात बायकोमुले आणि टेलिफोनचे बिल थकलेले, असे त्या दिवसांचे वर्णन तो पुढे मुलाखतींत करत असे. चाळिशी आली, केस पिकू लागले. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने हा माणूस संपला होता.

इटलीहून आलेला पाहुणा

१९६५ च्या वसंतात सर्जिओ लिओने हा इटालियन दिग्दर्शक लॉस एंजेलिसला आला. त्याचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) इटलीत तुफान चालला होता. क्लिंट ईस्टवुड हा तेव्हा फक्त टीव्हीवर माहीत असलेला अमेरिकन नट त्यात नायक होता. इटालियन लोकांनी, स्पेनच्या माळावर, अमेरिकेच्या गोष्टी सांगायच्या असा हा सगळा मामला. पुढे या चित्रपटांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' असे थट्टेचे नाव पडले आणि तेच चिकटले. प्रेक्षकांना माल अस्सल अमेरिकन वाटावा म्हणून इटालियन कलाकार इंग्रजी नावे घेत. 'फिस्टफुल'च्या श्रेयनामावलीत लिओने स्वतः 'बॉब रॉबर्टसन' म्हणून झळकला होता.

पुढच्या भागासाठी, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी, लिओनेला ईस्टवुडच्या तोडीस तोड एक वयस्क अमेरिकन नट हवा होता. हेन्री फोंडा, चार्ल्स ब्रॉन्सन, ली मार्विन अशी नावे आधी चर्चेत होती. ते जमले नाही. तेव्हा लिओनेला जुन्या वेस्टर्नपटांत पाहिलेला तो गरुडासारखा चेहरा आठवला. काही वर्षांपूर्वी ज्या मार्विनच्या मागे व्हॅन क्लीफ चेला म्हणून उभा राहिला होता, त्याच मार्विनसाठी मनात धरलेली भूमिका त्याच्याकडे आली!

लिओनेला इंग्रजी येत नव्हते आणि व्हॅन क्लीफला इटालियन. दोघांत दुभाष्या. पण हॉलीवूडला जे नाक कापून हवे होते तेच या दिग्दर्शकाला जसेच्या तसे हवे होते. लिओनेची पद्धतच वेगळी होती. तो माणसाचा चेहरा पडदाभर दाखवायचा, कपाळावरच्या घामासकट, सुरकुत्यांसकट. वाळवंटाचे मोठे दृश्य आणि त्याला लागूनच दोन डोळे. अशा कॅमेऱ्यासमोर गुळगुळीत, देखणा चेहरा लवकर संपतो. व्हॅन क्लीफच्या चेहऱ्यावर मात्र पाहायला पुष्कळ काही होते.

कर्नल मॉर्टिमर

'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) मध्ये व्हॅन क्लीफ झाला कर्नल डग्लस मॉर्टिमर. पूर्वी सैन्यात असलेला, आता फरारी गुन्हेगारांवर लावलेल्या इनामावर जगणारा माणूस. त्याचा प्रवेशच पाहण्यासारखा आहे. आगगाडीत एक प्रवासी बायबल वाचत बसला आहे, पुस्तकाआड चेहरा झाकलेला. शेजारच्याला वाटते, कोणी पाद्रीबाबा असावेत. गाडी तिथे थांबत नाही असे कळल्यावर हे पाद्रीबाबा शांतपणे साखळी ओढतात आणि उतरतात!

घोड्याच्या खोगिरावर तो एक गुंडाळी उलगडतो, तर आत ओळीने निरनिराळ्या बंदुका. सुताराने पटाशी निवडावी तशी तो अंतर पाहून बंदूक निवडतो. ईस्टवुडशी त्याची पहिली गाठ पडते तो प्रसंग तर पोरखेळासारखा आहे. दोघे एकमेकांच्या हॅट गोळ्यांनी उडवत बसतात. आणि या साऱ्या थंडपणाच्या मुळाशी एक जखम आहे. खलनायक एल इंडिओकडे, म्हणजे जान मारिया व्होलोंतेकडे, एक वाजणारे खिशातले घड्याळ आहे. तसेच दुसरे मॉर्टिमरकडे. मॉर्टिमरच्या बहिणीवर झालेल्या अत्याचाराची आणि तिच्या मृत्यूची आठवण त्या सुरांत आहे. शेवटी सूड पुरा होतो तेव्हा मॉर्टिमर इनामाचा आपला वाटाही घेत नाही. ते पैसे तरुण साथीदारासाठी सोडून तो निघून जातो. पैशासाठी माणसे मारणाऱ्यांच्या त्या जगात पैसे नाकारणारा हा एकटा. तेरा वर्षे गुंड म्हणून मेलेल्या नटाला पहिल्यांदाच एक भाऊ, एक दुःख आणि एक मन मिळाले होते.

त्यातले एल पासो हे गाव कला-दिग्दर्शक कार्लो सिमीने स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात, ताबेर्नासच्या उजाड माळावर उभे केले होते. ते लाकडी गाव आजही तिथे उभे आहे आणि पर्यटक तिकीट काढून ते पाहायला जातात.

एक सेट, अनेक भाषा

आता आपल्या घरातल्या मंडळींना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. या चित्रपटांच्या सेटवर प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलत असे. ईस्टवुड आणि व्हॅन क्लीफ इंग्रजीत, व्होलोंते इटालियनमध्ये, गर्दीतले लोक स्पॅनिशमध्ये. चित्रीकरणाच्या वेळचा आवाज अंतिम चित्रपटात वापरतच नसत. मागाहून स्टुडिओत बसून प्रत्येक भाषेसाठी आवाज भरत, म्हणजे डबिंग करत. कन्नड चित्रसृष्टीत डबिंगला कितीतरी दशके विरोध होता. इटलीत मात्र परदेशी चित्रपट डब करूनच दाखवायची जुनी रीत. त्यामुळे त्यांना यात काहीच वावगे वाटत नसे.

अशा सेटवर समोरच्याचे वाक्य कळत नसताना चेहऱ्याने उत्तर द्यावे लागते. देखण्या संवादफेकीवर जगणारा नट इथे गडबडतो. व्हॅन क्लीफचे मात्र पहिलेच काम बिनसंवादाचे होते! 'हाय नून'ने शिक्षा म्हणून दिलेला मूकपणा इटलीत त्याचे भांडवल ठरला.

आणखी एक सुंदर योगायोग ऐका. इंग्रजी आवृत्तीत व्हॅन क्लीफचा स्वतःचाच आवाज आहे. पण लिओनेच्या चित्रपटांच्या इटालियन आवृत्तीत त्याला आवाज दिला एमिलिओ चिगोली यांनी. चिगोली म्हणजे इटलीतल्या डबिंगमधले फार मोठे नाव. जॉन वेन आणि गॅरी कूपर इटालियन प्रेक्षकांशी बोलत ते अनेकदा त्यांच्याच आवाजात. 'हाय नून'चा नायक हाच गॅरी कूपर. ज्याला मारायला व्हॅन क्लीफ मुका गुंड म्हणून आला होता त्या नायकाचा ओळखीचा आवाज इटलीत त्याच्याच तोंडी बसला.

आमच्या धारवाडच्या मावशीला इंग्रजीचा गंध नाही. घरात कन्नड, माहेरी मराठी. एकदा सुट्टीत मुलांनी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची डीव्हीडी लावली तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. त्या चित्रपटात सुरुवातीची सुमारे दहा मिनिटे एकही संवाद नाही. व्हॅन क्लीफ एका शेतकऱ्याच्या घरात येतो, न विचारता जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि खाऊ लागतो. घरमालक समोर बसून पाहतो. बस्स, एवढेच. मावशीचा हात थांबला. "मातिल्ल, बरी कण्णु!" ती म्हणाली. बोलणे नाही, नुसते डोळे! मग मराठीत म्हणाली, "पोरांनो, हा ह्या घरात कुणाला जिवंत ठेवायचा नाही बघा." सबटायटल नसताना तिला सगळे कळले होते.

या चित्रपटात इंग्रजीत व्हॅन क्लीफच्या पात्राचे नाव 'एंजल आइज', तर इटालियनमध्ये 'सेन्तेन्झा', म्हणजे न्यायालयाने सुनावलेली शिक्षा. एकाच माणसाकडे दोन भाषांनी किती वेगळे पाहिले! भाषांतराने आणखी एक घोटाळा केला. इटालियन शीर्षकात क्रम 'चांगला, कुरूप, वाईट' असा आहे. इंग्रजीत शेवटचे दोन उलटे झाले. परिणामी अमेरिकन जाहिरातपटात व्हॅन क्लीफच्या चेहऱ्यावर 'अग्ली' अशी अक्षरे उमटली आणि बिचाऱ्या ईलाय वॉलकच्या चेहऱ्यावर 'बॅड'.

शेवटचा कबरस्तानातला तिरंगी सामना तर जगप्रसिद्ध आहे. गोल रिंगणात तीन माणसे, कोण कोणावर गोळी झाडणार याचा पत्ता नाही आणि एन्नियो मोरिकोनेचे चढत जाणारे संगीत. कॅमेरा डोळ्यांवरून हातांवर, हातांवरून डोळ्यांवर. नीट पाहिले तर व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक नाही असे दिसते. मुलीसाठी खेळघर बांधताना ते गेले असे सांगतात. हे कबरस्तान स्पॅनिश सैनिकांनी बुर्गोस प्रांतात खास चित्रपटासाठी बांधले होते. पुढे ते गवताखाली गेले. २०१५ पासून हौशी स्वयंसेवकांनी खणून ते पुन्हा उघडे केले.

नावावर चालणारे चित्रपट

यानंतर व्हॅन क्लीफ इटलीत नायक झाला. १९६६ च्याच 'द बिग गनडाउन'मध्ये तो एका गरीब मेक्सिकन माणसाचा पाठलाग करतो. लहान मुलीच्या खुनाचा आळ त्याच्यावर आहे. हळूहळू त्याला उमगते की खरा गुन्हेगार श्रीमंतांच्या कंपूतला आहे आणि कायद्याच्या नावाने आपलाच वापर होतो आहे. दिग्दर्शक सर्जिओ सोल्लिमा. हे नाव लक्षात ठेवा. याच सोल्लिमाने पुढे १९७६ मध्ये आपल्या कबीर बेदीला घेऊन 'सान्दोकान' ही टीव्ही मालिका केली आणि कबीर बेदी इटलीत घराघरांत पोहोचला. परक्या चेहऱ्याला मान देण्याची दृष्टी त्या दिग्दर्शकाकडे होती.

'डे ऑफ अँगर' (१९६७) माझा विशेष आवडता. तोनिनो व्हालेरीच्या या चित्रपटात जुलियानो जेम्मा हा गावचा कचरा उचलणारा, बापाचे नाव नसलेला पोरगा. व्हॅन क्लीफचा फ्रँक टाल्बी त्याला पहिल्यांदा माणसासारखे वागवतो आणि बंदूकबाजीचे एकेक धडे देतो. पोराला गुरू मिळतो, पण गुरू कसला आहे हे कळायला वेळ लागतो. शेवटी शिष्यालाच गुरूसमोर उभे राहावे लागते. त्याच वर्षीच्या जुलिओ पेत्रोनीच्या 'डेथ राइड्स अ हॉर्स'मध्येही तो एका सूडाने पेटलेल्या तरुणाबरोबरचा अनुभवी माणूस आहे. इटलीने त्याला दिलेली ही खास जागा. तरुणाच्या शेजारचा पिकल्या केसांचा जाणता, ज्याच्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही आणि ज्याला सोडताही येत नाही.

'सबाटा' (१९६९) मध्ये तो जादूगारासारखा खेळकर झाला, मुठीतूनही गोळी सुटणारे छोटे पिस्तूल घेऊन. १९७० च्या 'आदिओस सबाटा'मध्ये सबाटा झाला युल ब्रायनर आणि १९७२ मध्ये 'मॅग्निफिसंट सेव्हन' मालिकेतली ब्रायनरची भूमिका गेली व्हॅन क्लीफकडे. जणू दोघांनी हॅट बदलून घेतल्या! त्याच वर्षीच्या 'द ग्रँड ड्युएल'चे लुइस बाकालोव्ह यांचे संगीत क्वेंटिन टॅरंटिनोने २००३ मध्ये 'किल बिल'च्या पहिल्या भागात वापरले. १९७२ मध्येच 'लकी ल्यूक' या गाजलेल्या चित्रकथेच्या एका पुस्तकात चित्रकार मॉरिसने इनामासाठी माणसे पकडणारा एक शिकारी रंगवला, तो हुबेहूब व्हॅन क्लीफच्या चेहऱ्याचा.

लाट ओसरली तीही इटलीतच. १९७० मध्ये टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर यांचा विनोदी 'दे कॉल मी ट्रिनिटी' आला आणि प्रेक्षकांना बंदुकीपेक्षा थप्पड आवडू लागली. व्हॅन क्लीफला पुढेही कामे मिळाली, पण बरीचशी त्याच हॅटची आणि त्याच नजरेची. इटलीनेही त्याला एका चौकटीत बसवले हे मान्य करायला हवे. फक्त ही चौकट मोठी होती आणि तिच्यावर त्याचे नाव होते. जॉन कार्पेंटरच्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' (१९८१) मधला पोलीस अधिकारी हे त्याचे नंतरचे ठसठशीत काम. १९८४ मध्ये 'द मास्टर' या अमेरिकन मालिकेत साठीच्या घरातला हा नट निंजा झाला! १६ डिसेंबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड येथे हृदयविकाराने तो गेला. वय ६४. त्याच्या थडग्यावर 'वाईटांतला सर्वोत्तम' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

रामनगरच्या खडकांपर्यंत

लिओनेच्या चित्रपटांचे वारे आपल्याकडेही पोहोचले. 'शोले' (१९७५) मधले ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड पाहताना लिओनेच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची आठवण जाणकारांना होतेच. आणि 'शोले'चे रामगढ वसले ते कर्नाटकात. लोंढ्याजवळचे आपले रामनगर नव्हे, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे. त्या खडकावर बसलेला सांभा आठवा. मॅक मोहन यांची भूमिका कापून कापून एका वाक्यावर आली होती. तरी पन्नास वर्षे झाली, सांभा कोणी विसरलेले नाही. 'हाय नून'मधला खडकाजवळ बसलेला मुका जॅक कोल्बी आणि हा सांभा यांना मी मनातल्या मनात शेजारी बसवतो. लहान भूमिका जीव ओतून करणाऱ्यांची ही पंगत आहे.

मध्यंतरी माझा भाचा एका मराठी मालिकेच्या ऑडिशनला गेला होता. काम आवडले, पण सांगण्यात आले, "तुमच्या मराठीला कानडी हेल आहे. तो घालवून या." पोरगा हिरमुसून आला. "मामा, घालवू का?" असे त्याने विचारले. मी त्याला व्हॅन क्लीफची गोष्ट सांगितली आणि अर्धीच सांगून फसवायचे नाही म्हणून तेरा वर्षांची उपासमारही सांगितली. लिओने प्रत्येकाच्या दारात येत नाही. भूमिकेला पुणेरी मराठी हवी असेल तर ती शिकावी, नटाचा तो धंदाच आहे. पण शिकणे वेगळे आणि घालवणे वेगळे. पुढे कोणाला नेमका तोच हेल हवा असेल तेव्हा तो आपल्याजवळ असायला हवा. त्याने काय ठरवले ते अजून मला सांगितलेले नाही. सध्या तो पुणेरी 'च' आणि 'ज' घोटतो आहे आणि घरी आला की आज्जीशी पहिल्यासारखाच कानडी हेलात बोलतो.

कुठून सुरुवात करावी?

ज्यांना व्हॅन क्लीफ पाहायचा आहे त्यांनी आधी 'हाय नून' पाहावा आणि त्या मुक्या गुंडावर नजर ठेवावी. लगेच दुसऱ्या दिवशी 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'. मधली तेरा वर्षे त्या एका रात्रीत मोजता येतात. त्यानंतर 'द बिग गनडाउन' आणि 'डे ऑफ अँगर'. या चित्रपटांत मारामारी आणि रक्तपात आहे, तेव्हा लहानग्यांना झोपवून मगच लावावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नसेल तर मात्र काळजी करू नका. त्यांना खुशाल शेजारी बसवा. डोळ्यांची भाषा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.